पहिलं लग्न शूट केलं, तेही ५० एमएम १.८ वर - माझा अनुभव

मागच्या मे महिन्यात मावसबहिणीचं लग्न होतं, अमळनेरजवळच्या गावात. वरपक्षाचा फोटोग्राफर होता, आपल्याकडचे फोटो तू काढ असं मावशी म्हणाली. मी आजवर फक्त शेत, पक्षी, पोळ्याचे बैल असलेच फोटो काढलेले. क्रॉप सेन्सरची (म्हणजे आतला सेन्सर लहान असलेली) साधी कॅमेरा बॉडी, सोबत मिळालेली १८-५५ एमएमची झूम म्हणजे किट लेन्स, आणि लग्नासाठी म्हणून सेकंडहँड ५० एमएम एफ १.८ लेन्स घेतली, हिला झूम नाही. ही लेन्स लग्नाला घ्यावी का असं बरेच जण विचारतात म्हणून लिहितोय.

घ्याच. किट लेन्स झूम करून ५५ ला नेली की अपर्चर (उजेड आत येण्याचं भोक, आकडा जितका लहान तितकं ते मोठं) ५.६ च्या खाली जात नाही, आणि १.८ ला त्याच्या जवळपास दहापट उजेड आत येतो. हळद रात्री होती, अंगणात दोनच हॅलोजन, किट लेन्सवर आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा) ६४०० करूनही फोटो हलत होते, ही लावली आणि १६०० वरच काम झालं. शिवाय क्रॉप बॉडीवर ही ८० एमएमच्या लेन्ससारखी वागते, म्हणजे लांबचं जवळ दिसतं, त्यामुळे बायकांच्या घोळक्यात न घुसता लांबून चेहरे मिळतात. जात्याजवळ बसून आजी गाणं म्हणत होती, हातावर ओली हळद, एक बट कपाळावर चिकटलेली, तो एक फोटो मावशीने मोबाईलवर किती वेळा उघडून पाहिला असेल. मग बाकीच्या म्हाताऱ्या पण, "मना बी येक फोटू काढ ना रे भाऊ". सगळ्यांचे काढले, आणि खरं सांगतो स्टेजवरच्या फोटोंपेक्षा हेच जास्त आवडले मला.

आता जिथं फसलो ते. मंगलाष्टकं चालू, मी नवरीच्या मामाच्या मागून तिरपा उभा, अपर्चर १.८ वरच ठेवलेलं. शेवटचं सावधान झालं, अंतरपाट खाली आला, अक्षता उडाल्या, नवरदेवाचे डोळे एकदम शार्प आणि माझी बहीण धूसर. तो क्षण परत येत नाही, अजून वाईट वाटतं. दोन मीटरवरून १.८ ला जेमतेम दहा-अकरा सेंटीमीटरची जागाच शार्प येते हे मी वाचलेलं होतं पण घाईत डोक्यात आलंच नाही. दोन माणसं पुढेमागे असली की अपर्चर ४ किंवा ५.६ करा म्हणजे दोघं शार्प येतात, दुपारी मांडवात उजेड भरपूर असतो. फक्त मांडवाचं कापड गुलाबी-पिवळं असलं की तोच रंग तोंडावर येतो, म्हणून रॉ मध्येच (जेपीजी न बनवलेली कच्ची फाइल) काढा, नंतर सुधारता येतं.

ग्रुप फोटोला ही लेन्स नाहीच चालत. पाच मीटरची रांग बसवायला अकरा मीटर मागं जावं लागतं आणि मागे तर वरण-बट्टीच्या पंगती बसलेल्या! तिथं किट लेन्सच लावा, ८ अपर्चर ठेवा. रात्री रिसेप्शनला एलईडी लाइटमुळे काही फोटोंत आडवे पट्टे आले, शटर १/१०० सेकंद केलं तेव्हा गेले, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिच्यावर असे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात, म्हणून तो आकडा जमतो. पण एवढ्या शटरला नाचणारी पोरं हलतात हे धरून चला, ती थांबतील तेव्हाच काढा.

लेन्स हलकी आहे, दिवसभर गळ्यात होती तरी मान दुखली नाही. ४४-४५ डिग्रीत बॅग उन्हात किंवा गाडीत ठेवू नका, मी पाण्याच्या माठाशेजारी सावलीत ठेवली होती. पुढे काचेवर साधा यूव्ही फिल्टर लावाच, कारण हळदीला कोणीतरी येऊन तुमच्याही तोंडाला फासणारच. माझ्या फिल्टरवर पूर्ण पाच बोटं उठली होती, काढून धुतला, लेन्सला काही झालं नाही.