‘झिरो कॉस्ट’ हप्त्याचा मोबाईल घेताय? ओटीपी सांगण्याआधी हे वाचा

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की गोव्यात म्हापशाच्या बाजारात मोबाईलच्या दुकानांवर पाट्या झळकतात: शून्य डाऊन पेमेंट, शून्य व्याज. माझ्या धाकट्या भावाने गेल्या चवथीला असाच फोन घेतला. किंमत 18,000, हप्ता 3,000, सहा महिने. हिशेब तोंडपाठ होईल इतका सोपा. दुकानात टेबल टाकून बसलेल्या फायनान्सवाल्या पोराने आधार, पॅन, पासबुक घेतलं, सेल्फी काढला आणि भावाचा जुना फोन स्वतःच्या हातात ठेवून आलेले ओटीपी एकामागून एक टाकत गेला. मागे रांग होती, घाई होती.

पहिला हप्ता कापला गेला 3,420 रुपयांचा.

भाऊ म्हणाला, बँकेने काहीतरी कापलं असेल. मी फायनान्स कंपनीच्या ॲपमधून करारपत्र काढलं. पानंच्या पानं इंग्रजी, अक्षर मुंगीएवढं. पण कर्जाची रक्कम स्पष्ट होती: 18,000 नव्हे, 20,520. वरच्या 2,520 पैकी 1,722 स्क्रीन फुटल्यास मिळणाऱ्या विम्याचे आणि 798 कसल्याशा ‘सुरक्षा सदस्यत्वा’चे. पाकीट हरवलं तर ते कार्डं बंद करून देणार म्हणे. भावाच्या पाकिटात एकच एटीएम कार्ड आहे. शिवाय दुकानात ‘फाईल चार्ज’ म्हणून 590 वेगळे घेतले होते, ते या करारात कुठेच नाहीत.

दुकानात विचारायला गेले तर उत्तर तयार: “ताई, ते सगळेच घेतात. तुमच्या भावाने ओटीपी दिलाय ना?”

सगळी मेख इथेच आहे. जुन्या फोनवरचे मेसेज मी वर सरकवून पाहिले. एक ओटीपी कर्जाच्या कराराचा, एक खात्यातून आपोआप पैसे कापण्याच्या परवानगीचा, एक विम्याचा, एक सदस्यत्वाचा. प्रत्येक मेसेजमध्ये तो कशासाठी आहे ते लिहिलेलं होतं, पण वाचत होता तो पोरगा. ओटीपी म्हणजे सही, आणि कोऱ्या कागदावर सह्या घेतल्यासारख्या त्या घेतल्या गेल्या.

बिनव्याजी हप्त्याची गंमतही ऐका. तोच फोन रोख घेतला तर शेजारच्या दुकानात 16,800 ला होता. कर्ज देणारा फुकट पैसे देत नाही. त्याचं व्याज मोबाईल कंपनी किंवा दुकानदार भरतो, आणि बहुतेक वेळा रोखीवाल्याला मिळणारी सूट हप्तेवाल्याला न देता ते वसूल करतो. त्यामुळे आधी रोखीचा भाव विचारा, हप्त्याचं नंतर काढा.

आता कामाची गोष्ट. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2024 पासून अशा प्रत्येक नव्या किरकोळ (रिटेल) कर्जाआधी ‘की फॅक्ट्स स्टेटमेंट’, म्हणजे केएफएस, द्यावं लागतं, तेही कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत. त्यात सगळे आकार (शुल्क) आणि विम्याचे पैसे धरून वर्षाचा खरा दर, एपीआर, लिहिलेला असतो. त्या पत्रकात नसलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. कर्जाची मुदत सात दिवस किंवा जास्त असेल तर ते पत्रक किमान तीन कामकाजाचे दिवस वैध असतं. म्हणजे घरी नेऊन, कोणाला तरी दाखवून परत येता येतं. “ऑफर आजच संपते” हे फोनच्या किमतीबद्दल खरं असेलही, कर्जाच्या अटींबद्दल नाही. भावाला हे पत्रक मिळालं ते कर्ज मंजूर झाल्यावर, ईमेलवर. ईमेल बघणारा तो माणूस नव्हे.

कापणीची तारीखही बघा. भावाचा पगार सात तारखेला, कापणी दोन तारखेची. खात्यात पैसे नसले की कंपनी दंड लावते आणि बँकही वेगळा लावते. दुसऱ्या महिन्यात तेच झालं. तारीख सुरुवातीलाच बदलून मागायची असते, नंतर कस्टमर केअरवाले एकमेकांकडे बोट दाखवतात.

आम्ही कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार केली. फोनवर बोलून उपयोग नाही, पुरावा राहत नाही. सदस्यत्वाचे 798 परत आले. विम्याबाबत “ग्राहकाची संमती आहे” एवढंच उत्तर आलं, म्हणून ती तक्रार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर टाकली. तिथे फी नाही, फक्त आधी कंपनीकडे तक्रार केलेली असावी लागते आणि 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर जाता येतं. माहितीसाठी फोन नंबर 14448. दुकानदाराविरुद्ध असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथेही फी लागत नाही, आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही.

विम्याचा निकाल अजून यायचा आहे. 590 ची पावती दुकानदार देत नाही, कारण यूपीआयच्या नोंदीत दुकानाचं नावच नाही, त्या टेबलावरच्या पोराचं आहे. क्यूआर स्कॅन केल्यावर पिन टाकण्याआधी नाव दिसतं. ते दुकानाचं नसेल तर पैसे पाठवू नका.