अक्रातला अग्बाजाचा वर्ग: सहा शनिवारांनंतर

नवऱ्याच्या नोकरीमुळे घानाच्या राजधानीत, अक्रात आले आणि एका एवे जमातीच्या गुरुजींच्या अंगणात अग्बाजा, म्हणजे एवे लोकांचं ढोलांवरचं नृत्य-संगीत, शिकले. पहिले दोन शनिवार ढोलाला हातच लावू दिला नाही. फक्त गांकोगुई, म्हणजे दोन तोंडांची लोखंडी घंटा. बारा सूक्ष्म मात्रांत सात ठोके. सांगलीत आठ वर्षं तबला शिकलेय, म्हणून बारा मात्रांचा एकताल समजून मोजायला गेले नि दर आवर्तनात घसरले. गुरुजी म्हणाले, "मोजू नका, पाय हलवा." पाय चार ठोक्यांत पडू लागले आणि घंटा आपोआप जागेवर बसली. तो क्षण मी विसरणार नाही.

मग अहात्से हा मण्यांच्या जाळीचा खुळखुळा मांडीवर-तळव्यावर, नंतर कागान हा छोटा ढोल. त्याचे फक्त दोन ठोके, पायाच्या ठोक्यानंतरचे. सोपे वाटतात, पण शेजारी सोगो हा मुख्य ढोल बोलू लागला आणि किडी हा दुसरा ढोल त्याला उत्तर देऊ लागला की आपण भलतीकडेच ओढले जातो!

पत्र्याखाली दुपारी फार उकडतं, सकाळची वेळ घ्या. सोगो शिकायला मी पुन्हा नाव घातलंय.