अतिनील दिवे आणि पाच पंखे : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या नोव्हेंबरमध्ये सुटे भाग घेऊन घरीच संगणक जोडला. बहुतेक सामान पुण्याच्या तपकीर गल्लीतून, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सामानाच्या बाजारातून, आणि उरलेले ऑनलाइन मागवले. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाची निवड तासाभरात झाली, पण कॅबिनेटचे पंखे आणि आतली रोषणाई ठरवण्यात दोन आठवडे गेले. सप्तरंगी आरजीबी दिव्यांचा मला मनापासून कंटाळा असल्यामुळे मी अतिनील म्हणजे यूव्ही प्रकाशाकडे वळलो. त्यात काळ्या कॅबिनेटमध्ये फक्त ठरावीक वस्तू चमकतात आणि बाकी सारे अंधारात राहते.

पूर्वी या कामासाठी कोल्ड कॅथोड नळ्या (ट्यूबलाइटसारख्या बारीक काचेच्या नळ्या) मिळत आणि त्यांच्यासाठी 12 व्होल्टचे काहीशे व्होल्ट करणारा इन्व्हर्टर कॅबिनेटमध्येच बसवावा लागे. आता एलईडी पट्ट्या मिळतात. मी 395 नॅनोमीटरची, 12 व्होल्टची पट्टी घेतली. या तरंगलांबीच्या पट्टीतून थोडा जांभळा प्रकाश डोळ्यांना दिसतोच. 365 नॅनोमीटरच्या दिव्यांत तो कमी असतो, पण ते महाग पडतात. सुरुवातीला मी पट्टी काचेसमोर लावली आणि सगळे कॅबिनेट जांभळ्या धुक्यात बुडाले. ती काचेच्या चौकटीमागे, स्वतः दिसणार नाही पण प्रकाश आतल्या वस्तूंवर पडेल अशी हलवली, तेव्हा डिस्क मदरबोर्डला जोडणारी केशरी साटा केबल आणि हिरव्या पात्यांचे पंखे खऱ्या अर्थाने उठून दिसले. दोन इशारे इथेच देतो. मदरबोर्डवरील 5 व्होल्टच्या तीन पिनांच्या एआरजीबी (प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा बदलणाऱ्या पट्ट्यांसाठीच्या) जोडणीला 12 व्होल्टची पट्टी लावायची नसते. माझी पट्टी मी मधे एक बटण घालून थेट पॉवर सप्लायच्या मोलेक्स तारेवर (12 व्होल्ट देणाऱ्या चार पिनांच्या जोडणीवर) घेतली आहे. आणि जंतुनाशक म्हणून विकल्या जाणाऱ्या 254 नॅनोमीटरच्या यूव्ही-सी नळ्या या कामासाठी कधीही घेऊ नयेत, कारण त्या डोळ्यांना आणि त्वचेला इजा करतात व प्लास्टिकही खराब करतात.

पंखे मात्र मी चुकीच्या निकषावर निवडले. पुढे आत हवा ओढणारे दोन साधे काळे, मागे बाहेर टाकणारा एक, आणि वर बाहेर टाकणारे दोन, असे 120 मिलिमीटरचे पाच पंखे बसवले. त्यांतले वरचे दोन केवळ हिरवी पाती यूव्हीत चमकतात म्हणून घेतले होते. गरम हवा वर जाते, तेव्हा वर पंखे हवेतच, असा माझा भाबडा हिशेब होता.

जानेवारीत एका रात्री खोलीतला दिवा मालवून यूव्ही पट्टी लावली, तर ग्राफिक्स कार्डामागच्या पत्र्याच्या फटींवर निळसर मिशी उगवलेली दिसली. जवळून पाहिले तेव्हा ते कापसाचे तंतू निघाले. आजकालच्या धुण्याच्या पावडरीत कपडे पांढरे दिसावेत म्हणून घातलेली द्रव्ये अतिनील प्रकाशात निळी चमकतात, त्यामुळे गोधडीचा आणि शर्टांचा प्रत्येक धागा दिव्यासारखा दिसत होता. (आजीच्या काळच्या नीळीने ही गंमत झाली नसती, ती नुसता रंग देते, चमकत नाही.) मातीची धूळ अशी उजळत नाही, पण तंतू कुठे अडकतात हे कळले की हवा कुठून शिरते हेही कळते. पुढच्या जाळीमागे फिल्टर असूनही हवा मागच्या उघड्या फटींतून येत होती. पुसून काढल्यावर तीन आठवड्यांत मिशी पुन्हा उगवली.

कारण सरळ होते. बाहेर टाकणारे तीन आणि आत घेणारे दोन, त्यातही पुढच्या दोघांना फिल्टरचा अडथळा. आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी पडे आणि तूट भरण्यासाठी हवा मिळेल त्या फटीतून घुसे. मी वरचे दोन्ही पंखे काढले, त्यांतला एक पुढच्या तिसऱ्या जागी बसवला आणि वरची जाळी आतून झाकली. खेळताना ग्राफिक्स कार्डाचे तापमान 74 अंशांवरून 70 वर आले, प्रोसेसरचे 2 ते 3 अंशांनी वाढले, आणि मिशी पुन्हा उगवली नाही. हिरव्या पात्यांचा पंखा आता काळ्या जाळीआड असल्यामुळे चमकतो की नाही हे कोणालाच दिसत नाही, हा भाग निराळा.

एप्रिलमध्ये तोच पंखा रात्री घरघरू लागला. त्याचे बेअरिंग साध्या स्लीव्ह प्रकारचे, म्हणजे छऱ्यांऐवजी नुसत्या नळीत दांडा फिरणारे होते. असे पंखे आडवे बसवल्यास लवकर झिजतात, आणि माझ्याकडे त्याची सुरुवात वरच्या जागी तशीच आडवी झाली होती. दोष किती त्याचा आणि किती माझा, हे मला सांगता येणार नाही. त्याच्या जागी आर्क्टिक पी12 पीडब्ल्यूएम आणला. चार पिनांचा हा पंखा मिनिटाला 200 ते 1,800 फेऱ्यांच्या दरम्यान कुठेही धरता येतो आणि मी तो बहुतेक वेळ 900 च्या आसपास ठेवतो. फेऱ्या निम्म्या केल्या की हवा निम्मी होते, पण आवाज साधारण 15 डेसिबलनी उतरतो. म्हणून दोन पंखे जोरात फिरवण्यापेक्षा तीन हळू फिरवणे मला केव्हाही परवडते. मे महिन्यात खोलीच 37 अंशांवर गेली, तेव्हा वेग वाढवावा लागला. पंखा खोलीपेक्षा थंड हवा कुठून आणणार?

रोषणाईबद्दल आता थोडा सावध झालो आहे. दिव्याकडच्या बाजूने केशरी केबलचा रंग फिकट पडू लागला आहे, म्हणून बटण आता पाहुणे आले की, किंवा महिन्याच्या पहिल्या रविवारी फिल्टर धुऊन झाल्यावर फटी तपासायच्या असतात तेव्हाच दाबतो. पुढच्या वेळी पंखे घेताना पात्यांचा रंग पाहणार नाही. यूव्ही पट्टी मात्र पुन्हा घेईन, तीही 365 नॅनोमीटरची.