एक फर्नेस, दोन झोन: हिवाळा-उन्हाळा वापरल्यानंतरचा अनुभव

न्यू जर्सीतलं आमचं घर दुमजली. बेसमेंटमध्ये गॅसची फर्नेस आणि अख्ख्या घराला एकच थर्मोस्टॅट, तोही खालच्या हॉलवेत. पुढचं इथल्या बहुतेकांना पाठ असेल. जानेवारीत खाली ६८ फॅरनहाइट दिसतंय आणि वर मुलं पांघरुणं लाथाडून झोपलीत. जुलैत खाली शाल घ्यायची, वर घामाच्या धारा. गेल्या फॉलमध्ये शेवटी मनावर घेतलं. डक्टमध्ये, म्हणजे हवा खोल्यांपर्यंत नेणाऱ्या नळांमध्ये, मोटरचे दोन डॅम्पर (हवा अडवणाऱ्या झडपा), त्या चालवणारं झोन पॅनेल आणि वर दुसरा थर्मोस्टॅट बसवला; वरचा मजला एक झोन, खालचा दुसरा. फर्नेस म्हातारी झालीच होती, ती बदलून दोन स्टेजची (कमी-जास्त अशा दोन आचांवर चालणारी), व्हेरिएबल स्पीड ब्लोअरची (पंख्याचा वेग बदलणारी) घेतली.

वर-खालचा फरक आता जवळपास गेलाय. पण त्याचं श्रेय डॅम्परला जितकं आहे, तितकंच किंवा जरा जास्त, डक्ट नीट करून घेतल्याला आहे. सगळे थर्मोस्टॅटच्या ॲपबद्दल बोलतात, हवेच्या वाटेबद्दल कोणी बोलत नाही.

ब्लोअर ठरावीक हवा ढकलायला बसलेला असतो. एक झोन बंद केला की ती हवा अर्ध्या डक्टमधून जायला बघते, दाब वाढतो, प्रवाह घटतो आणि फर्नेसच्या हीट एक्स्चेंजरवरची (ज्वाळांनी तापून हवेला ऊब देणाऱ्या भागावरची) उष्णता वाहून न्यायला पुरेशी हवा उरत नाही. नको असलेल्या खोल्यांचे व्हेंट बंद करून गॅस वाचवू पाहणाऱ्यांचं नेमकं हेच होतं. पहिला काँट्रॅक्टर जुन्या सिंगल स्टेज फर्नेसवरच डॅम्पर टाकून शिवाय बायपास द्यायचा म्हणत होता, म्हणजे जास्तीची गरम हवा थेट रिटर्नमध्ये (हवा फर्नेसकडे परत नेणाऱ्या डक्टमध्ये). आधीच तापलेली हवा पुन्हा तापवायची! त्याला नमस्कार केला. दुसऱ्यानं आल्या आल्या डक्टला भोकं पाडून मॅनोमीटर (हवेचा दाब मोजायचं यंत्र) लावला. बहुतेक फर्नेस ०.५ इंच स्टॅटिक प्रेशर (डक्टमधला हवेचा दाब, पाण्याच्या स्तंभाच्या इंचांत) धरून बनवतात, आमचं ०.८ निघालं. तेही काहीच बंद न करता.

कारणं दोन. एक इंच जाडीचा मर्व्ह १३ (बारीक धूळ अडवणारा) फिल्टर, आणि वरच्या मजल्यावर रिटर्न फक्त एक. फिल्टरच्या जागी चार इंची कॅबिनेट आली, वर आणखी एक रिटर्न काढला. बेसमेंटमधल्या सांध्यांवरची वाळून लोंबणारी टेप खरवडून मॅस्टिक (सांधे बुजवायचा घट्ट लेप) फासलं. कापडी डक्ट टेप डक्टवरच टिकत नाही, हे लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेनं १९९८ मध्ये चाचण्या घेऊन दाखवलं होतं. तरी हार्डवेअरच्या दुकानात ती त्याच नावानं विकली जाते. या कामाचा खर्च डॅम्परच्या तोडीस तोड आला, आणि मला विचाराल तर हेच पैसे सगळ्यात वसूल झाले.

थंडीच्या सुरुवातीला एक अडचण आली. रात्री फक्त वरचा झोन चालू असताना बर्नर मध्येच विझायचा, ब्लोअर मात्र फिरत राहायचा. फर्नेसच्या दारावरच्या छोट्या काचेतून आत दिवा लुकलुकताना दिसतो. किती वेळा लुकलुकला ते मोजायचं आणि दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या तक्त्यावर बघायचं. तिथे लिहिलेलं: लिमिट स्विच उघडलाय. म्हणजे आत जास्त तापतंय. टेक्निशियननं येऊन पॅनेलची तापमानमर्यादा खाली आणली आणि खालचा डॅम्पर पूर्ण मिटणार नाही, जरासा किलकिला राहील असा लावला. त्यानंतर त्रास नाही. रात्री खाली ६२ लावतो, किलकिल्या डॅम्परमुळे खरं ६३-६४ राहतं. चालतं.

उन्हाळ्यात हेच गणित उलट्या बाजूनं येतं. एसीला टनामागे साधारण ४०० सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा लागते. आमच्या तीन टनांना १२००, आणि एकट्या वरच्या डक्टमधून तेवढी जात नाही. हवा कमी पडली की कॉइलवर (हवा थंड करणाऱ्या नळ्यांवर) बर्फ धरतो. म्हणून भर उन्हाळ्यात दोन्ही झोनमध्ये तीन-चार अंशांपेक्षा जास्त फरक ठेवत नाही. खाली कोणी नसताना एसी पूर्ण बंद करू, हा विचार सोडून द्या.

गॅरेजवरची बेडरूम तशीच गारठलेली आहे. ती वरच्याच झोनमध्ये, थर्मोस्टॅट मात्र हॉलमध्ये, त्यामुळे त्या खोलीची थंडी त्याला कळतच नाही. शिवाय तिचं दार लावलं की हवा परत जायला वाट नाही. दाराखालच्या फटीशी टिश्यू धरला, तर तो बाहेरच्या बाजूला चांगलाच फडफडायचा. दारावर जाळी बसवल्यावर थोडा फरक पडला. उरलेली थंडी खालच्या गॅरेजच्या छतातून येते, तिथे डॅम्पर काय करणार? इन्सुलेशनचं कोटेशन मागवलंय.

गॅसच्या बिलात डोळ्यात भरेल अशी बचत नाही. बचतीसाठी करत असाल तर आधी ॲटिकचं (छताखालच्या माळ्याचं) इन्सुलेशन बघा. आवाजाचं म्हणाल, तर डॅम्पर फिरताना हलकी घरघर येते. सासूबाई डिसेंबरात आल्या तेव्हा पहिल्या रात्री त्यांना वाटलं, भिंतीत कोणीतरी घोरतंय. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वरचा थर्मोस्टॅट ताब्यात घेतला आणि ७४ वर नेऊन ठेवला. आम्ही खाली ६८ मध्ये आरामात बसलो होतो.