नाउम्बुर्गच्या नोटांचा संच : चित्रांना पैकीच्या पैकी, विक्रेत्याला नाही

लायपझिगच्या जुन्या बाजारातून गेल्या महिन्यात नाउम्बुर्ग या जर्मन शहराच्या ५० फेनिगच्या (शंभर फेनिग म्हणजे एक मार्क) जुन्या नोटांचा संच घेतला, १५ युरोंना. तेव्हापासून रोज एकदा तरी बाहेर काढून बघते.

जर्मनीत याला 'नोटगेल्ड' म्हणतात, अडीअडचणीचा पैसा. पहिल्या महायुद्धात धातू दारूगोळ्यासाठी गेला, सुट्ट्या नाण्यांची चणचण झाली आणि गावोगावच्या नगरपालिकांनी आपापल्या नोटा छापल्या. माझ्या आजीच्या डब्यात १९४३चा भोकाचा पैसा असायचा; तोही युद्धात धातू वाचवायलाच पाडलेला. म्हणून असेल, या नोटा मला परक्या वाटल्याच नाहीत.

१९२०च्या या नोटांची चित्रं वाल्टर हेगे यांची. पुढे ते छायाचित्रकार म्हणून नावाजले. सगळी काळ्या छायाकृतींची. गोष्ट अशी : १४३२ साली हुसाइटांच्या, म्हणजे बोहेमियातल्या बंडखोर ख्रिस्ती पंथाच्या, सैन्याने शहराला वेढा घातला, तेव्हा गावातली मुलं सेनापती प्रोकोपसमोर दयेची याचना करायला गेली. त्याचं मन द्रवलं, त्याने मुलांना चेरी दिल्या आणि वेढा उठवला. ही दंतकथाच, पण नाउम्बुर्गमध्ये चेरीचा उत्सव आजही भरतो. चेहरा न दाखवता नुसत्या मानेच्या कलण्यातून मुलांची भीती दिसते. तळहाताएवढ्या कागदावर हे साधणं सोपं नाही.

आता तक्रार. दोन नोटांच्या पाठीला जुन्या डिंकाचे डाग निघाले. पाकिटात पुढची बाजूच दिसत होती आणि विक्रेत्याने डागांचा उल्लेखही केला नव्हता. वर चिठ्ठीवर लिहिलेलं, '१९२३च्या महागाईतल्या नोटा'. साफ चूक! नोव्हेंबर १९२३मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडत होते; तिथे ५० फेनिगची नोट कोण छापेल? असे चित्रांचे संच त्याच्या आधीचे. पुढेपुढे तर गावं ते संग्राहकांसाठीच छापत. लोक नोटा वहीत लावून ठेवत, बदलून घ्यायला येतच नसत, तेवढा पैसा गावाला उरायचा. १९२२ साली सरकारने ते बंद केलं. म्हणूनच इतक्या नोटा कोऱ्या मिळतात आणि स्वस्तही. पुढे भाव वाढेल म्हणून घेऊ नका, चित्रासाठी घ्या.

आता मी हामेल्नच्या पुंगीवाल्याच्या नोटा शोधते आहे. या वेळी पाकीट उघडून पाठ बघितल्याशिवाय पैसे देणार नाही.