आर्किटेक्चर, लँडस्केप की इंटिरिअर: मास्टर्स कशात करावं?

रॉजर उलरिक या संशोधकाचा १९८४ सालचा एक छोटा अभ्यास या निर्णयात फार कामाला येतो. पेन्सिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या २३ जोड्या त्यांनी जुन्या नोंदींवरून तपासल्या. जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडं दिसत होती, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली.

हे वाचल्यावर तुमच्या डोक्यात आधी काय येतं, ते बघा. सगळ्या खोल्यांना झाडं दिसतील अशी इमारतच का नाही वळवली? ही आर्किटेक्टची विचार करण्याची रीत. झाडं कोणती, मुळांना जागा किती, वीस वर्षांनी ती कुठवर वाढतील? ही लँडस्केपची. पलंगावर आडवं झाल्यावर खिडकीचा कठडा नजरेच्या आड येतो का, दिव्याचं प्रतिबिंब काचेवर पडतं का? ही इंटिरिअरची. तिन्ही प्रश्न तुम्हाला पडू शकतात, पण दोन-तीन वर्षं ज्याच्या मागे लागायला आवडेल असा प्रश्न बहुतेकांचा एकच असतो.

एम. आर्क. (मास्टर ऑफ आर्किटेक्चर) या एका नावाखाली दोन वेगळ्या पदव्या आहेत, हे अनेकांना उशिरा कळतं. अमेरिकेत दुसऱ्या विषयातला पदवीधर साधारण तीन ते साडेतीन वर्षांच्या एम. आर्क.मधून थेट आर्किटेक्टच्या परवान्याच्या वाटेवर येतो. ज्याच्याकडे पाच वर्षांची बी. आर्क. ही आर्किटेक्चरची पदवी आधीच आहे, त्याच्यासाठी असतो तो पुढचा, छोटा अभ्यासक्रम. त्याने व्यावसायिक पात्रता मिळत नाही, कारण ती आधीच मिळालेली असते. अशा विद्यार्थ्याने नुसत्या ‘आर्किटेक्चरल डिझाइन’मध्ये एम. आर्क. करू नये, असं माझं ठाम मत आहे. तेच स्टुडिओतलं डिझाइनचं काम आणि ते तपासणारी तीच ज्युरी पुन्हा होते, फक्त प्रकल्प मोठा असतो. संवर्धन, नगररचना, इमारतींचा ऊर्जावापर, गृहनिर्माण असं काही नेमकं हाती असेल तर मात्र ही वर्षं सोन्यासारखी जातात.

लँडस्केपबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तिघांत सर्वांत जास्त गैरसमज याच शाखेबद्दल आहे. बाग सजवणं म्हणजे लँडस्केप नव्हे. पहिल्या सत्रातच कंटूर (जमिनीची समान उंची दाखवणाऱ्या नकाशावरच्या रेषा), उतार आणि पाण्याचा निचरा समोर येतात. पावसाचं पाणी कुठून येऊन कुठे मुरतं हे समजल्याशिवाय आराखड्याची पहिली रेघ ओढता येत नाही. जर्मनीतलं डुइसबुर्ग-नॉर्ड हे पार्क पाहा. तिथला पोलाद कारखाना १९८५ मध्ये बंद पडला, जमीन प्रदूषित झालेली होती. लँडस्केप आर्किटेक्ट पीटर लाट्झ यांनी लोखंडाच्या झोतभट्ट्या पाडल्या नाहीत. त्यांच्याभोवतीच उद्यान रचलं, पावसाचं पाणी वेगळं वळवून जुन्या सांडपाण्याच्या कालव्याच्या जागी स्वच्छ पाणी आणलं, आणि काही मातीचं शुद्धीकरण वनस्पतींवर सोपवलं. असं काम करायला रसायन, वनस्पती, जलविज्ञान आणि सौंदर्यदृष्टी एकाच डोक्यात लागते. म्हणूनच वनस्पतिशास्त्र, भूगोल किंवा स्थापत्य अभियांत्रिकीतून आलेले विद्यार्थी इथे कमी पडत नाहीत. शहरं एकीकडे पुरात बुडत आहेत, दुसरीकडे तापत आहेत. अशा वेळी या शाखेची गरज कुणाला पटवून द्यावी लागू नये. झाडं आवडतात एवढंच कारण असेल तर मात्र थांबा. उन्हातली क्षेत्रभेट, मातीच्या चाचण्या आणि संथपणे फळणारं काम, हे सगळं पेललं पाहिजे.

इंटिरिअरच्या मास्टर्समध्ये दर्जाचा फरक सर्वांत मोठा. काही ठिकाणी पदवीचाच अभ्यास महागड्या सॉफ्टवेअरसह पुन्हा शिकवतात. घरांची कामंच करायची असतील, तर चांगल्या डिझायनरच्या हाताखाली सुतारांशी, गवंड्यांशी बोलत काढलेली दोन वर्षं जास्त शिकवतील. पण जुन्या इमारतीचा नवा वापर, रुग्णालयं, संग्रहालयं, ध्वनी, प्रकाश यांत खोल शिरायचं असेल तर मास्टर्स हवंच. र्‍होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइन या अमेरिकेतल्या संस्थेने तर आपला इंटिरिअरचा विभाग इमारतींच्या पुनर्वापराभोवतीच उभा केला. इटलीतल्या व्हेरोनाच्या कास्तेलवेक्किओ किल्ल्यात कार्लो स्कार्पा या डिझायनरने केलेलं संग्रहालय हे या शाखेचं शिखर आहे. जुनी भिंत आणि नवी फरशी यांच्यामध्ये त्यांनी मुद्दाम फट ठेवली, दोन काळ वेगळे दिसावेत म्हणून.

स्कार्पांकडे आर्किटेक्टचा परवाना नव्हता आणि त्यावरून त्यांना खटल्याला तोंड द्यावं लागलं. तुमच्यासाठी हा भाग कळीचा आहे. ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी अनेक देशांत कायद्याने राखीव असते. लँडस्केपसाठी अमेरिकेच्या सर्व राज्यांत परवान्याचा कायदा आहे, इतर अनेक ठिकाणी परवाना लागत नाही. इंटिरिअरचे नियम दर ठिकाणी निराळे. आर्किटेक्चरची व्यावसायिक पदवी असणारा पुढे बाकीच्या दोन शाखांत सहसा जाऊ शकतो. उलट दिशेने मात्र वाट बंद असते: इंटिरिअरच्या मास्टर्सवर इमारतीच्या नकाशावर सही करता येत नाही. इमारती उभ्या करायची इच्छा थोडीही शिल्लक असेल आणि पात्रता अजून नसेल, तर तीन-साडेतीन वर्षांचं एम. आर्क.च घ्या. पात्रता आधीच असेल, तर मी लँडस्केपकडे झुकेन.

शुल्क भरण्याआधी दोन कामं करा. जिथे व्यवसाय करणार तिथल्या नोंदणी संस्थेला ही पदवी चालते का, हे लेखी विचारा. आणि विभागाकडून मागच्या तीन वर्षांच्या थिसिसची यादी व प्राध्यापकांची यादी मागवा. लँडस्केप विभागात माती किंवा वनस्पतींचा जाणकार नसेल, इंटिरिअर विभागात हाताने काही घडवायची कार्यशाळा नसेल, किंवा एम. आर्क.चे थिसिस नुसतेच मोठमोठे मनोरे असतील, तर दुसरीकडे अर्ज करा.