पोलोला पुढून बिलस्टाईन बी६ : घाटात मजा, गल्लीत टणक

माझी २०१६ ची फोक्सवॅगन पोलो जीटी, चाकणचीच पैदास. मूळ शॉक (शॉक अ‍ॅब्सॉर्बर, म्हणजे चाकांचे हादरे शोषणारे) म्हातारे झाले होते; ताम्हिणी उतरताना ब्रेक लावला की नाक खाली घालायची. म्हणून पुढे बिलस्टाईनचे बी६ शॉक टाकले. हे मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीचे, आत दाबाखाली गॅस भरलेले. स्प्रिंग गाडीची मूळचीच चालते, त्यामुळे गाडीची उंची कमी होत नाही. आपले रस्ते बघता ते बरंच.

आता स्टिअरिंग वळवलं की नाक लगेच वळतं. वळणावर गाडी झुकते अजूनही, पण एका दमात झुकून तिथेच स्थिरावते, होडीसारखी हेलकावत नाही. (झुकणंच कमी करायचं असेल तर जाड अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा दांडा) बघा, शॉक फक्त झुकण्याचा वेग आवरतो.)

सोसायटीच्या स्पीडब्रेकरवर मात्र दणका कळतो. सासूबाईंनी विचारलंच, "टायरात हवा जास्त भरलीत का हो?"

बसवताना शॉकचं वरचं माउंट (जिथे तो गाडीच्या बॉडीला जोडतात) आणि त्यातलं बेअरिंगही नवं घ्या, मजुरी एकदाच पडते. नंतर चाकांची अलाइनमेंट हवीच. खिशाला चटका बसतो, पण मागचे शॉक थकले असतील तर चारही एकदम बदला.